स्क्रेपरला धार लावली, हूकही वळवला, तरी भुगाच पडतो

जुनी_तुळई

नमस्कार. गावाकडच्या घराच्या दुरुस्तीत उतरवलेल्या सागवानी तुळयांमधून मी सध्या सहा माणसांचे जेवणाचे टेबल करतो आहे. वरच्या फळ्या सागाच्या असून भोवतीने दोन इंच रुंदीची शिसवाची पट्टी बसवली आहे. लाकूड उत्तम आहे, परंतु एका फळीत गाठीच्या आजूबाजूला रेषा इतक्या उलटसुलट फिरल्या आहेत की रंधा कोणत्याही दिशेने मारला तरी कुठे ना कुठे छिलका उचकटतो आणि खड्डा पडतो. शिसवाची तीच तऱ्हा आहे. बोटभर अंतरावर रेषेची दिशा पालटते. रंध्याचे पाते नव्याने पाजळले, तोंड अरुंद केले, वरची पट्टी धारेच्या अगदी जवळ आणली. त्याने फरक पडला, पण काम पुरते साधले नाही.

म्हणून लाकूड खरवडण्याचा पत्र्याचा साधा आयताकृती स्क्रेपर विकत घेतला: लांबी १५० मिमी, रुंदी ६० मिमी, जाडी ०.८ मिमी. त्याची लांब कड कानशीने सरळ केली, पत्रा उभा धरून ती कड तेलाच्या दगडावर दहा-बारा वेळा फिरवली आणि घरातल्या जाड स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने दोन्ही बाजूंना चांगला जोर लावून हूक, म्हणजे कडेचा बारीक वळलेला ओठ, वळवला. बोट फिरवले की कडेला काहीतरी अडकते, हे नक्की. लाकडावर मात्र पहिले चार-पाच हात जेमतेम छिलके निघतात आणि नंतर नुसता भुगा पडतो. अंगठे भाजतात ते वेगळेच. तीन संध्याकाळी हाच प्रयोग केला आहे. चूक कानशीत आहे, दगडावर आहे की वळवण्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टूलरूम_निवृत्त

तुळईसाहेब, मी मुळचा लाकडाचा माणूस नव्हे. टूलरूममध्ये फिटर म्हणून ३२ वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर सुतारकामाचा नाद लागला. तेव्हा उत्तर लोखंडाच्या बाजूने देतो.

बोटाला काही अडकते म्हणजे हूक वळला, असे समजू नये. कानस मारल्यावर कडेला जी बर राहते तीही बोटाला अडकते, किंबहुना हुकापेक्षा जास्तच अडकते. बर म्हणजे फाटलेल्या धातूची झालर असते. ती ठिकठिकाणी तुटलेली आणि मुळाशी कच्ची असल्यामुळे लाकडावर चार हात चालते आणि गळून पडते. आधी बर समूळ काढायची, कड गुळगुळीत करायची आणि मग तिच्याहून कठीण पोलादाने ती दाबून बाजूला सरकवायची, तेव्हा कुठे हूक तयार होतो. त्या क्रियेत धातू कापला जात नाही, तो वाहतो. तुमचे पहिले चार-पाच हात बरे गेले आणि मग भुगा सुरू झाला, यावरून तुम्ही बरीवरच काम करत होता, असे माझे अनुमान आहे.

दुसरी गोष्ट अशी की धार ही दोन पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे असते. तुम्ही कड घासल्याचे लिहिले आहे, पण पत्र्याच्या चपट्या बाजूंविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. एक बाजू आरशासारखी आणि दुसरी खरबरीत असेल, तर त्यांच्या भेटीतून होणारी धार खरबरीतच होणार. नव्या पत्र्याच्या चपट्या बाजूंवर कारखान्यातल्या रूळांचे वा घासणीचे बारीक चरे असतात आणि पुष्कळदा गंज लागू नये म्हणून लावलेला लाखेसारखा पातळ थरही असतो. कडेलगतची सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी दोन्ही बाजूंनी दगडावर सपाट ठेवून घासावी लागते, आणि हे काम कड घासण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

तिसरा संशय स्क्रू ड्रायव्हरवर आहे. चांगल्या स्क्रेपरचा पत्रा साधारणपणे ४८ ते ५२ रॉकवेल सी (धातूची कठीणता मोजण्याचे माप) इतका कठीण असतो. स्क्रू ड्रायव्हरचा दांडा कधी त्याहून थोडा कठीण निघतो, कधी तेवढाच, आणि स्वस्तातला असेल तर मऊही. दांड्यावर नख फिरवून पाहा. नखाला चरे लागले, तर तुम्ही स्क्रेपरने स्क्रू ड्रायव्हर कापत होता.

शॉर्टकट

एवढा खटाटोप नक्की कशासाठी? ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून १२०, १८० आणि २४० पर्यंत गेल्यास टेबल एका दुपारी तयार होते. सँडर भाड्यानेही मिळतो. स्क्रेपर ही हौशी लोकांची पूजा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिसवी

शॉर्टकटदादा, निव्वळ सागाचे टेबल असते तर मी तुमच्याशी फारसे भांडले नसते. येथे सागाला लागून शिसवाची पट्टी आहे, हे आपल्या नजरेतून सुटले. सँडर त्या सांध्यावरून गेला की शिसवाची काळपट जांभळी पूड सागाच्या उघड्या रंध्रांत जाऊन बसते आणि पेपर तीच पूड आणखी आत दाबतो. मग सांध्यालगतचा साग मळकट दिसू लागतो आणि तेल किंवा पॉलिश लावल्यावर तो मळ कायमचा पक्का होतो. मी एका पेटीच्या झाकणावर हा धडा शिकले आहे. स्क्रेपरचा छिलका उचलून टाकता येतो, तो कुणाच्या रंध्रात शिरत नाही.

शिवाय उचकटलेला खड्डा अर्धा मिमी खोल असेल, तर पेपरने तेवढे लाकूड संपूर्ण फळीवरून उतरवावे लागते. तेवढ्याच जागी पेपर मारत बसले तर तिथे खळगा होतो आणि पॉलिशनंतर खिडकीचा उजेड तिरका पडला की तो लगेच दिसतो. शिसवाच्या बारीक धुळीने कातडीला खाज सुटते व श्वासाचा त्रास होतो, हेही लक्षात ठेवावे. मास्क न लावता शिसवाला सँडर लावू नये.

स्क्रेपर सगळीकडे चालतो असे मात्र मी म्हणणार नाही. पाइनसारख्या मऊ लाकडात तंतू कापले जाण्याऐवजी दबतात, तिथे तो कुचकामी ठरतो. कठीण लाकडावरही शेवटी मी २४० चा पेपर हाताने हलकासा फिरवतेच, कारण रंधलेल्या, खरवडलेल्या आणि घासलेल्या जागा पॉलिश थोडे वेगवेगळे ओढतात.

जुनी_तुळई

सर्वांचे आभार. टूलरूमसाहेब, तुमचे तिन्ही बाण लागले. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यावर आडव्या बारीक चऱ्यांची शिडीच झाली आहे. पत्र्याच्या चपट्या बाजूवर थिनरचे फडके फिरवले, तर पिवळसर थर निघाला. म्हणजे आजवर मी त्या थरासकट हूक वळवत होतो. आता दोन प्रश्न उरतात. वळवण्यासाठी नेमके काय वापरावे, आणि जोर व कोन किती असावा? निरनिराळ्या ठिकाणी ५ अंशांपासून १५ अंशांपर्यंत काहीही वाचायला मिळते.

टूलरूम_निवृत्त

ज्या दांड्याने कड घोटायची त्याला मी घोटणी म्हणतो. घोटणे हे क्रियापद आपल्याकडे आहेच, तेव्हा वेगळा शब्द शोधण्याचे कारण नाही. तयार घोटण्या मिळतात, पण लेथवर वापरतात तो ६ किंवा ८ मिमी व्यासाचा गोल एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल बिट आणला तरी काम उत्तम होते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानांतून विचारावे. त्याची कठीणता ६२ ते ६५ रॉकवेल सीच्या घरात असते, म्हणजे स्क्रेपर त्याला ओरखडाही काढू शकत नाही. बाजारातून आणल्यावर त्याच्या अंगावरच्या घासणीच्या खुणा मात्र १००० आणि मग २००० नंबरच्या पेपरने लांबीच्या दिशेने घासून काढाव्यात, नाहीतर त्याच खुणा धारेवर उमटतात. लाकडी मूठ बसवली की झाले. टंगस्टन कार्बाइडची गोल सळई मिळाली तर त्याहून बरे. जुन्या ड्रिलचा मागचा दांडा वापरण्याचा मोह बहुतेकांना होतो, परंतु पुष्कळ ड्रिलांचा तो भाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. आधी त्यावर कानस चालवून पाहावी. कानस घसरली तरच तो घ्यावा.

अटलांटिकपार

मी बॉस्टनजवळ राहतो आणि तळघरात फर्निचर करतो. येथे अक्रोड आणि लहरी रेषांचा मेपल या दोन लाकडांनी मला स्क्रेपर शिकवला, त्यामुळे कोन आणि जोर यांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आधी कारण पाहू. साधारण रंध्यात पाते ४५ अंशांवर बसते. ते पाचरीसारखे छिलक्याखाली शिरते आणि रेषा उलटी असेल तर चीर धारेच्या पुढे पळते. तोच तुमचा खड्डा. स्क्रेपरचा हूक म्हणजे जवळजवळ उभे धरलेले अतिसूक्ष्म पाते असते. छिलका निघतो त्याच क्षणी मोडला जातो आणि चिरेला पुढे पळायला अवसर मिळत नाही. हे सारे हूक अगदी लहान असेल तरच घडते. सुरुवातीला सगळेच जोर लावून मोठा हूक वळवतात, मीही वर्षभर तेच केले. मोठा हूक बोटाला छान लागतो, पण तो आत गुंडाळला गेलेला असतो. मग छिलका काढण्यासाठी स्क्रेपर इतका झुकवावा लागतो की बोटे लाकडाला घासतात.

माझा क्रम असा आहे. पत्रा दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून ५-६ मिमी वर ठेवतो. एकेरी दातांची १० इंची कानस आधी लांबीच्या दिशेने चालवतो आणि शेवटचे काही हात आडवी धरून ओढतो. कड चपट्या बाजूंशी बरोबर ९० अंशांत राहावी यासाठी एका चौकोनी ठोकळ्यात खाच पाडून कानस तिच्यात बसवली आहे. ठोकळा पत्र्याला टेकवून ओढला की कानस हलत नाही. नंतर दगडावर कड घासतो. दगडाच्या एकाच जागी घासल्यास तिथे चर पडते, म्हणून पत्रा तिरका धरून दगडभर फिरवतो. मग चपट्या बाजू, पुन्हा दोन हात कड, पुन्हा दोन हात बाजू, असे बर पूर्ण जाईपर्यंत चालते. ही पायरी संपल्यावर बोटाला काहीही अडकता कामा नये. दोन कोरे, चौकोनी, बोचरे कोपरे हातात राहिले पाहिजेत.

यानंतर घोटणी. पत्रा टेबलाच्या कडेलगत आडवा ठेवायचा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटाने पसरायचा आणि घोटणी चपट्या बाजूवर जवळजवळ सपाट ठेवून, कडेकडे अंशभर झुकवून, लांबीभर पाच-सहा वेळा ओढायची. येथे जोर थोडा जास्त चालतो. धातू या पायरीवर कडेच्या बाहेर किंचित ओढला जातो. मग पत्रा व्हाइसमध्ये उभा धरून घोटणी कडेवर आडवी ठेवायची. पहिला हात बरोबर ९० अंशांत, दुसरा मूठ किंचित खाली घेऊन, आणि तिसऱ्याला सुमारे ५ ते ७ अंश. चौथ्याची गरज पडत नाही. जोर किती म्हणाल, तर पोळीला तूप लावताना चमचा दाबतो त्याहून थोडा अधिक. १५ अंशांचा हूक मी फक्त जुना सरस किंवा रंग खरवडायला ठेवतो.

जाडीविषयीही एक सांगतो. ०.८ मिमीचा पत्रा अंगठ्यांनी वाकवायला ताठ वाटतो, पण सपाट टेबलासाठी तोच बरा. ०.४ मिमीचा पातळ पत्रा चटकन तापतो आणि नवशिक्याच्या हातात सपाट जागेवर खळगे पाडतो.

मिरजवाला

वाद्यकाम जवळून पाहिलेला माणूस म्हणून थोडे लिहितो. आमच्या मिरजेत सतार आणि तंबोरे करणारी जी घराणी आहेत, ती मुळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात त्यांनी धारेचा हात लाकडाकडे वळवला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळे सुरांविषयी लिहिले गेले, कानशीविषयी फारसे कुणी लिहिले नाही.

माझ्या ओळखीच्या एका वृद्ध कारागिरांकडे पेटीभर स्क्रेपर होते आणि त्यांतला एकही विकतचा नव्हता. जुन्या हातकरवतीचे पाते कापून त्यांनी अर्धगोल, लांबट आणि हंसाच्या मानेसारखे वळणदार असे तुकडे केले होते. तुनाच्या लाकडाची दांडी गोलसर असल्यामुळे तिथे सरळ कडेचा स्क्रेपर निरुपयोगी असतो. फुटलेल्या काचेचा तुकडाही ते वापरत. काचेची ताजी कड अतिशय धारदार असते, तिला ना दगड लागतो ना घोटणी. बोथट झाली की टाकून दुसरा तुकडा घ्यायचा. पण काच केव्हा टवका सोडेल याचा नेम नाही, आणि तो टवका रंध्रात राहिला तर पुढच्या हाताला बोट कापते. सपाट टेबलासाठी काच वापरू नका, कारण तिची फुटलेली कड सहसा सरळ नसते.

जुन्या करवतीविषयी अवश्य विचार करा, तुळईदादा. चांगल्या जुन्या हातकरवतीचे पाते स्प्रिंगच्या पोलादाचे असते आणि त्याची कठीणता स्क्रेपरला हवी तेवढीच असते. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी भंगारात अशी पाती सहज मिळतात.

टूलरूम_निवृत्त

मिरजवाले यांच्या सूचनेला एक पुरवणी जोडतो. करवतीचे पाते ग्राइंडरवर कापू नये. कडेवर निळा रंग चढला म्हणजे तिथले तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले. त्यापुढे राखाडी झाले तर पाणी उतरले, म्हणजे पोलाद मऊ पडले आणि त्या जागी हूक टिकणार नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल तर रेषेपासून ४-५ मिमी दूर कापावे आणि उरलेले कानशीने उतरवावे. कानस त्या पत्र्यावर चालते, हीच त्याची कठीणता योग्य असल्याची साधी खूण आहे.

ब्लेडवाला

येथे सगळे हुकाविषयीच बोलत आहेत म्हणून वेगळा अनुभव मांडतो. मी फर्निचरच्या साइटवर काम करतो. आमच्याकडे कुणीही हूक वळवत नाही. पॉवर हॅकसॉचे तुटलेले एचएसएस ब्लेड घेतात, त्याचे दात ग्राइंडरवर उडवतात, कड चौकोनी किंवा एका बाजूला उतरती घासतात आणि तशीच वापरतात. व्हिनिअरच्या सांध्यावरचा फेव्हिकॉल, दाराच्या चौकटीवरची जुनी वॉर्निश आणि पट्ट्यांची उंच-सखल कड या सगळ्यांवर ते दिवसभर चालते. टूलरूमसाहेब म्हणतात त्या अर्थी आम्ही बरीवरच काम करतो, आणि ते होते.

टूलरूम_निवृत्त

होते, हे मान्य आहे आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात बरीला मी थोडा अन्याय केला, हेही मान्य करतो. संपूर्ण एचएसएसचे ते ब्लेड इतके कठीण असते की घोटणीने त्याची कड सहजी वाहतच नाही. त्याला हूक वळवायचा प्रयत्न केला तर कड चिरते. म्हणून त्याची धार चौकोनी कोपऱ्याची किंवा ग्राइंडरच्या बरीचीच राहणार, आणि एचएसएस असल्यामुळे ती साध्या पोलादापेक्षा जास्त टिकणार. सरस आणि वॉर्निश काढायला ते उत्तमच आहे. परंतु कोपऱ्याने खरवडलेल्या आणि हुकाने कापलेल्या पृष्ठभागांत फरक असतो. पहिला बोटाला मऊ पण नजरेला मंद लागतो, दुसऱ्यावर उजेड चमकतो. जेवणाच्या टेबलासाठी मी हूकच सुचवेन. हल्ली मिळणाऱ्या बायमेटल ब्लेडांत फक्त दातांची कड एचएसएसची असते आणि मागचे अंग लवचिक पोलादाचे असते. दात उडवले की एचएसएसही उडून जाते, तेव्हा ब्लेड निवडताना तेवढे पाहावे.

ब्लेडवाला

बायमेटलचे बरोबर आहे. पोरे तेच आणतात आणि मग धार टिकत नाही म्हणून ओरडतात.

जुनी_तुळई

वृत्तान्त देतो. ८ मिमीचा टूल बिट मिळाला, तो चकाकवून त्याला बाभळीची मूठ बसवली. पत्र्याच्या दोन्ही चपट्या बाजू दगडावर घासायला पाऊण तास लागला, कारण मधोमध हलकासा खोलगटपणा होता आणि कडेपर्यंत चमक येईना. मग अटलांटिकपार यांच्या क्रमाने तीनच हात, तेही जीव मुठीत धरून हलके. बोटाला इतके थोडे लागले की काही झालेच नाही असे वाटून मी पुन्हा घोटायला निघालो होतो. तरी आधी शिसवाच्या एका तुकड्यावर ओढून पाहिले. पातळ, कांद्याच्या सालीसारखा, हाताच्या रुंदीचा छिलका गोळा होऊन निघाला. गाठीभोवतीचा जो भाग रंध्याने तीनदा बिघडवला होता तो दहा मिनिटांत सपाट झाला आणि कुठेही उचकटला नाही.

आता नवी तक्रार. टेबलावर तिरका उजेड टाकला की दोन प्रकारच्या रेघा दिसतात. एक रेघ केसासारखी बारीक आणि किंचित उंच आहे, आणि ती प्रत्येक हातात त्याच ठिकाणी येते. दुसऱ्या रेघा खोल आहेत, त्या दोन हातांच्या सीमेवर पडतात. शिवाय सागावर अर्ध्या तासात धार मंदावते, शिसवावर मात्र बराच वेळ चालते. अंगठे अजूनही भाजतात.

शिसवी

उंच रेघ म्हणजे धारेत एका ठिकाणी खाच आहे. तेवढी जागा लाकूड सोडून जाते. खाच लहान असेल तर स्क्रेपर थोडा तिरका धरून ओढा, म्हणजे ती रेघ पुढच्याच हातात पुसली जाते. तरीही दिसत राहिली तर पुन्हा दगडावर जाण्याला पर्याय नाही. खोल रेघा पत्र्याच्या टोकांच्या कोपऱ्यांच्या आहेत. चारही कोपरे कानशीने अगदी थोडे गोल करा आणि ओढताना अंगठ्यांनी मधोमध किंचित बाक द्या. बाक इतका थोडा असावा की कोपरे लाकडापासून कागदाच्या जाडीएवढेच उचलले जातील. जास्त बाक दिला तर छिलका अरुंद होतो आणि टेबलभर नांगरटीच्या चऱ्या पडतात.

अंगठ्यांसाठी मी फ्रिजवर चिकटवायचे पातळ, लवचिक चुंबक वापरते. जाहिरातीचा असा चुंबक स्क्रेपरच्या मागच्या अंगाला लावला की उष्णता हाताला कमी पोचते. अंगठ्यांना चिकटपट्टी गुंडाळूनही भागते. आणि धार बदलत राहा. एका पत्र्याला दोन लांब कडा आणि प्रत्येक कडेला दोन धारा, म्हणजे एकूण चार हूक. एक तापला की पत्रा फिरवून दुसरा घ्यायचा.

टूलरूम_निवृत्त

सागाचे कारण सागातच आहे. त्याच्या लाकडात सिलिका असते आणि ती पात्याची धार लवकर खाते. शिसव कठीण असला तरी त्या मानाने धारेला सौम्य वागतो. रंध्याची पाती सागावर लवकर बोथट होतात, हे आपण सगळे अनुभवतोच. जुन्या तुळयांच्या फटींत वर्षानुवर्षांची धूळही बसलेली असते, ती आधी कडक ब्रशने काढावी.

हूक दबून मंदावला की लगेच कानस उचलू नये. पत्रा पुन्हा आडवा ठेवून घोटणी चपट्या बाजूवर तीन-चार वेळा ओढली की दबलेला हूक परत सरळ होतो. मग कडेवरून आधीच्यापेक्षा अंशभर जास्त कोनात एक-दोन हात द्यावेत. असे चार-पाच वेळा करता येते. प्रत्येक वेळी धार आधीपेक्षा थोडी कमी टिकते, कारण वारंवार घोटल्याने कडेचा धातू ताठरत जातो आणि शेवटी टवके सोडू लागतो. तिथे थांबून कानशीपासून नव्याने सुरुवात करावी.

अटलांटिकपार

टूलरूमसाहेबांच्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत आहे, मात्र संख्येविषयी थोडा वेगळा अनुभव आहे. मेपलवर मी सात-आठ वेळाही हूक उभा केला आहे. सागावर तुमचीच संख्या खरी असावी, कारण हुकाच्या टोकाचा धातू तोवर झिजलेलाच असतो. तेव्हा संख्या मोजत बसण्यापेक्षा छिलका पाहावा. लांब छिलका तुटून आखूड होऊ लागला की घोटणी घ्यावी. घोटूनही भुगाच आला तर दगड. आणि दगडाने काम होत नसेल, म्हणजे कड गोलावली असेल, तर कानस. कड गोलावली आहे का हे पाहायला दिव्याखाली ती डोळ्यांसमोर धरावी. धारदार कोपरा दिसत नाही. बोथट कोपऱ्यावर उजेडाची पांढरी रेघ दिसते.

शॉर्टकट

मी माघार घेतो असे नाही, पण कांद्याच्या सालीसारखा छिलका वाचून कुतूहल वाटले. ब्लेडवाल्यांचे एचएसएस माझ्याकडे पडून आहे. हूक न वळवता त्यानेही असा छिलका निघेल का?

ब्लेडवाला

निघेल, पण आखूड निघेल. कड ग्राइंडरवरून थेट वापरू नका. बारीक दगडावर चौकोनी कोपरा स्वच्छ करा, पत्रा अगदी उभा धरा आणि ढकलण्याऐवजी ओढा. साइटवर आम्हाला वेळ नसतो म्हणून आम्ही दगडापर्यंत जात नाही, एवढेच.

जुनी_तुळई

कोपरे गोल केल्यावर खोल रेघा थांबल्या. उंच रेघेची खाच दगडावर गेली. चार हूक आळीपाळीने वापरून सागाच्या पाचही फळ्या आणि शिसवाची पट्टी तीन संध्याकाळी पूर्ण झाली. प्रत्येक संध्याकाळी साधारण तीनदा घोटणी आणि शेवटी एकदा दगड लागला. शिसवीताईंच्या सांगण्याप्रमाणे सांध्यावर पेपर अजिबात मारला नाही. बाकी भागावर २४० चा कागद रेषेच्या दिशेने हलका फिरवला, तोही शिसवापासून दोन बोटे अंतर ठेवून. जवसाच्या तेलाचा पहिला हात काल दिला आहे आणि सांध्यालगतचा साग स्वच्छ दिसतो आहे. गाठीजवळ एक खड्डा थोडा उरला आहे. तो काढायचा तर भोवतालचे बरेच लाकूड उतरवावे लागेल, म्हणून ती बाजू भिंतीकडे राहील अशा बेताने टेबल ठेवणार आहे.